वाणाच्या चकत्या

१

संक्रांत जवळ आली की आमच्याकडे तिळगुळाच्या आधी लाकडाचा भुसा घरभर होतो आणि विजयाची कुरकुर सुरू होते. कुरकुर खोटी असते. विकास नगरपासून छावणीपर्यंत लखनौमधल्या सगळ्या मराठी बायकांना तिच्या हळदीकुंकवाचं वाण ठाऊक आहे. बाकीच्या प्लास्टिकचे डबे लुटतात, स्टीलच्या वाट्या लुटतात. आमच्याकडे मी माझ्या हाताने केलेलं लाकडी वाण असतं. एका वर्षी कंगवे केले, एका वर्षी मिठाचे चमचे. "भाऊजींनी केलंय" म्हणत बायका ते पर्समध्ये टाकतात तेव्हा विजया पदर सावरत दुसरीकडे बघते, जणू तिचा या सगळ्याशी काही संबंधच नाही.

लाकूड फुकटचं, पण असंतसं नाही. मी इथल्या एका संशोधन संस्थेत लाकडाचे काप काढायचं काम करतो. ठोकळा घ्यायचा, त्याचे कागदाहून पातळ काप एकामागून एक काढायचे, क्रमाने लावायचे आणि सूक्ष्मदर्शकासाठी शास्त्रज्ञांच्या हवाली करायचे. क्रम चुकला की केलेलं सगळं पाण्यात. त्यामुळे हाती येईल त्या लाकडावर नंबर टाकायची मला खोड लागली आहे. विजया म्हणते, एक दिवस हे पोळ्यांवरही नंबर टाकतील. संस्थेत परदेशातून आलेले नमुने असतात, आफ्रिकेतलं काळंभोर लाकूड, ब्राझीलचं जांभळं, बोर्निओचं लालसर. उरलेसुरले तुकडे जाळायला काढले की साहेब म्हणतात, "हरिहर जी, आप ले जाइए, वरना चौकीदार ताप लेगा." चौकीदाराच्या शेकोटीत जाण्याआधी मी पोतं स्कूटरच्या पुढ्यात ठेवून घरी आणतो.

शहाण्णव सालच्या जानेवारीत अशाच एका पोत्यात मला तो ठोकळा मिळाला. सायीच्या रंगाचा, मांडीएवढा जाड, एका बाजूला साल तशीच. त्यावरची चिठ्ठी गळून पडलेली होती. मी करवत चालवली आणि थांबलो. वास येत नव्हता. कापताना प्रत्येक लाकडाला वास येतो, साध्या बाभळीलाही येतो. या लाकडाला काहीच नव्हता. सर्दी झाली असेल म्हणून मी कपाटातली हिंगाची डबी उघडून हुंगली, तर डोक्यात झिणझिण्या आल्या. नाक शाबूत होतं. मी खांदे उडवले आणि कामाला लागलो.

२

त्या वर्षी चकत्या करायच्या ठरल्या होत्या, चहाच्या कपाखाली ठेवायच्या. हळदीकुंकवाला येणाऱ्या सगळ्यांसाठी वेगवेगळ्या लाकडांच्या केल्या, पण या ठोकळ्याच्या जरा खास बायकांसाठी. सालीकडून आत आत कापत गेलो. पहिली चकती वेडीवाकडी निघाली, वाणात द्यायच्या लायकीची नव्हती. पुढच्या चार छान गोल उतरल्या. गाभ्याकडचा जो जाड तुकडा उरला तो मी अबोलीसाठी राखून ठेवला.

अबोली आमची एकुलती एक, फार उशिरा आणि फार नवसांनी झालेली. जन्म लखनौचा. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं. वैशाखात तिचं लग्न ठरलं होतं. रुखवतात बापाच्या हातचा कुंकवाचा करंडा हवा म्हणून मी त्या जाड तुकड्यातून झाकणापुरती एक चकती काढली आणि उरलेला पटाशीने आतून कोरून पोकळ केला. गाभा भराभर निघाला, जणू आत आधीपासूनच जागा होती. सहाही कापांच्या मागे सवयीने शिसपेन्सिलीने नंबर टाकले. सालीकडची एक, करंड्याचं झाकण सहा.

मग गच्चीवर उन्हात बसून जवसाचं तेल लावलं. तेल लागलं की लाकडाची नक्षी वर येते, मला कामातला तोच भाग सगळ्यात आवडतो. अबोली शेजारी शेंगा सोलत बसली होती. ती एकदम वाकली.

"बाबा, इसमें कोई खड़ा है."

पहिल्या चकतीत नुसती उंच, फिकट चौकट उमटली होती. दुसरीत त्याच चौकटीत गव्हाच्या दाण्याएवढा काळा डाग होता. तिसरीत तो वाढला होता, चौथीत आणखी. झाकणावर तर अंगठ्याएवढा झाला होता. त्याला खांदे होते. डोक्यावरून पदर घेतल्यासारखा उतार होता. चेहऱ्याच्या जागी नुसता काळेपणा.

अबोलीने सहाही ओळीने मांडल्या आणि एकपासून सहापर्यंत बोट फिरवलं. "देखिए ना. दरवाज़े से अंदर आ रही है."

मी तिला समजावलं की ही गाठ आहे. झाडाच्या खोडात फांदी तिरकी शिरलेली असते, म्हणून एकामागून एक काप काढले की तिचा डाग प्रत्येक कापात थोडा सरकतो, थोडा मोठा होतो. हे सगळं अगदी खरं आहे, आयुष्यभर मी हेच बघत आलो. गाठीला खांदे नसतात, एवढं मात्र मी बोललो नाही.

"ये रिजेक्ट वाला मेरा," म्हणत अबोलीने पहिली चकती उचलली आणि अभ्यासाच्या टेबलावर नेऊन ठेवली.

३

हळदीकुंकू थाटात झालं. खास चकत्या ठरलेल्या चौघींच्या ओटीत गेल्या. दुसऱ्या नंबरची उल्कावहिनींना मिळाली, त्यांचे यजमान सरकारी नोकरीत, घर हजरतगंजच्या मागच्या क्वार्टर्समध्ये. पाचव्या नंबरची देवयानीवहिनींना, त्या तेलीबागेत राहतात, त्यांचे विक्रमराव हवाई दलात. मधल्या दोघी छावणीतल्या होत्या. चकतीतली बाई सगळ्यांना भारी आवडली. करंडा मऊ कापडात गुंडाळून रुखवताच्या ट्रंकेत गेला.

पुढच्या आठवड्यात विक्रमरावांकडे काही कामानिमित्त गेलो. देवयानीवहिनींनी चहा आणला, कपाखाली माझीच चकती. मी कौतुकाने कप उचलला आणि तसाच धरून राहिलो.

चौकट होती. चौकटीत कोणी नव्हतं.

"पाहुणी गेली हो आमची," देवयानीवहिनी हसत म्हणाल्या. "मला वाटलं, भाऊजींनी बदलून दिली की काय."

मी चकती उलटली. माझ्याच अक्षरातला पाच. पुन्हा सुलटी केली, खिडकीशी नेली, नखाने खरवडली. तेल उडालं असेल. वाफ लागली असेल. कामवालीने राखेने घासली असेल. पण डाग निघतो तेव्हा खालचं लाकूड ओरखडतं, फिकं पडतं. इथे सायीच्या रंगाचे बारीक तंतू सरळ, अखंड गेलेले होते, तिथे कधी काही नव्हतंच अशा रीतीने. मी चहा संपवला. काय बोललो ते आठवत नाही. रायबरेली रोडवरून स्कूटर तशीच घराकडे दामटली.

४

घरी आल्याबरोबर ट्रंक उघडली. विजया मागून विचारत राहिली, "अहो, काय शोधताय? सांगा तरी."

कापड सोडलं. झाकणावरची बाईही गेली होती. स्वच्छ, गुळगुळीत झाकण, मागे सहाचा आकडा.

मला भीती वाटली हे सरळच सांगतो. त्या भीतीतही डोकं सवयीने क्रम लावत होतं. चौकटीतून आत, दुसरीतून तिसरीत, पाचवीतून झाकणावर. झाकणाच्या पुढे काय, तर मी कोरलेली पोकळी. चालत आली आणि आत जाऊन बसली. आणि हा करंडा मी माझ्या मुलीबरोबर सासरी पाठवणार होतो.

विजयाला सगळं सांगितलं. ती हसली नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. तिने करंड्याकडे पाहून नुसता पदर घट्ट केला.

"त्या चारही चकत्या परत आणतो," मी म्हणालो. "आणि सगळंच जाळून टाकतो."

"दिलेलं वाण परत मागायचं? सवाष्णींच्या ओटीत घातलेलं?" तिचा आवाज चढला. "लोक काय म्हणतील ते राहू द्या, मलाच धसका बसेल. आणि आता त्यात आहे काय? तुम्हीच म्हणताय ना, ती इथे आली म्हणून."

म्हणणं बिनतोड होतं. छावणीतल्या दोघींकडे जाऊन बघावं असं क्षणभर वाटलं, पण बघायचं काय? त्या वाटेतल्या, ओलांडून झालेल्या. जन्मभर एकेक काप तपासून बघणाऱ्या माणसाने मधले काप न बघताच निष्कर्ष काढला.

मी अबोलीच्या टेबलाकडे गेलो. तिची चकती तशीच होती. रिकामी चौकट, पहिल्यापासून रिकामीच. निदान ही तरी निर्धोक आहे, असं मनात आलं आणि मी चक्क तिच्यावरून मायेने बोट फिरवलं.

५

करंड्याचं झाकण मी सुतळीने करकचून बांधलं आणि तो माझ्या खोलीतल्या कपाटावर ठेवला. उघडला नाही. उघडून काही दिसलं नसतं तरी मला पटलं नसतं, आणि दिसलं असतं तर काय करायचं ते माहीत नव्हतं. जाळायची हिंमत मात्र होईना. त्यात जे असेल ते धुराबरोबर कुठे जाईल, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो शिरलाच.

अबोली रुसली. "मेरा करंडा है. आपने दिया, और अब आप ही ले रहे हैं."

"तुला दुसरा करतो, चांगला सागवानी."

"मुझे यही चाहिए था," ती म्हणाली आणि पुस्तक उघडून बसली. तिची एम.ए.ची परीक्षा जवळ आली होती.

मी रजा टाकली. दिवसभर त्या खोलीत खुर्ची टाकून बसायचो. बाहेर धुकं, गल्लीत भाजीवाल्याची हाक, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी, आणि कपाटावर तो ओंजळीएवढा डबा. मी कान लावून ऐकायचो. खरवडल्याचा, टकटकल्याचा, काही तरी आवाज येईल म्हणून अंग चोरून वाट बघायचो. काहीही यायचं नाही. लाकूड थंडीत आवळतं, तेव्हा तरी कुरकुरावं, पण तेही नाही. त्या शांततेने मला धीर यायला हवा होता. उलट एखाद्या रिकाम्या घराला पहारा देतोय असं वाटायचं, आणि का वाटतं ते कळायचं नाही.

६

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी उल्कावहिनींकडे हळदीकुंकू होतं. बसला नाहीत तरी चालेल, मला नुसतं सोडा, विजया म्हणाली. अबोलीला अभ्यास होता, ती घरीच राहिली. मी करंडा पिशवीत घालून बरोबर घेतला. तिच्याजवळ तो एकटा ठेवायचा नाही एवढाच माझा हेतू होता. निघताना तिला म्हणालो, "आतून कडी लाव." कडी लागल्याचा आवाज ऐकूनच स्कूटर सुरू केली.

उल्कावहिनींकडे बायकांचा गलका चालला होता. मी दारातूनच मागे फिरत होतो, तेवढ्यात वहिनींनी हाक मारली. "भाऊजी, थांबा. तुमच्या चकतीचं काय झालं बघा ना." त्या आतून चकती घेऊन आल्या. "काल संध्याकाळपर्यंत होती हो ती बाई. माझी सून म्हणालीसुद्धा, किती नाजूक आहे. आज सकाळी बघते तर पुसलेली."

मी म्हणालो, "काल?"

"काल दिव्याच्या वेळेला मी स्वतः बघितली."

मागे दोनचा आकडा होता. मी तिथल्याच एका स्टुलावर बसलो.

चौकटीतून आत येणारी असती तर दुसरी चकती सगळ्यात आधी रिकामी झाली असती. ती आज रिकामी झाली. पाचवी कधीच झाली होती, झाकण तर त्याच्याही आधी. मी क्रम उलटा वाचला होता. ती करंड्याकडे येत नव्हती, करंड्याकडून निघाली होती. गाभ्यात तिची जागा होती, ती मी पटाशीने कोरून काढली आणि तिला बाहेर घातलं. चकतीमागून चकती ती लांब लांब जात होती, म्हणून लहान दिसत होती. चेहरा लाकडात उमटला नव्हता असं नाही. आम्हाला सगळ्यांना तिची पाठ दिसत होती. तोंड चौकटीकडे होतं. आणि ती चौकट अबोलीच्या टेबलावर होती.

फोन दिवाणखान्याच्या कोपऱ्यात होता. मी बायकांच्या मधून वाट काढत तिथे गेलो. विजया समोरच बसली होती, तिच्या कपाळाला कुणीतरी कुंकू लावत होतं. मी घरचा नंबर फिरवला.

"हाँ, बाबा?" अबोलीचा आवाज नेहमीसारखाच होता, आणि मला रडू यायला लागलं.

"अबोली, आहेस तशी घराबाहेर पड. शेजारी जा. आत्ता."

"अभी कैसे जाऊँ? आंटी आई हैं ना."

"कोण आंटी?"

"पता नहीं, आई की कोई होंगी. हल्दी-कुंकू के लिए आई हैं. कुछ बोलती ही नहीं."

"तू दार का उघडलंस? तुला सांगितलं होतं ना?"

"मैंने कहाँ खोला? कुंडी तो लगी है," ती म्हणाली. मग आवाज हळू करून, पाहुणीला ऐकू जाऊ नये अशा बेताने: "अंदर वाले कमरे में बैठी थीं. मुझे लगा, आप लोगों के रहते ही आई होंगी."

माझ्या मागे बायका कुणाला तरी उखाण्याचा आग्रह करत होत्या. मी फोनच्या तोंडाभोवती हात धरून ओरडल्यासारखं बोललो. "तिच्याजवळ जाऊ नकोस. तिला कुंकू लावू नकोस. ऐक माझं, अबोली, कडी काढ आणि पळ."

"बाबा, आपको हुआ क्या है? घर आई सुहागन को ऐसे ही भेज दूँ? आई कितना ग़ुस्सा करेंगी." सवाष्ण कुंकवाशिवाय परत जाऊ नये, हे तिला आम्हीच लहानपणापासून शिकवलं होतं. "बस एक मिनट, लगाकर आती हूँ. फ़ोन रखिए मत."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तिच्या चपला दूर गेल्या. मी तिच्या नावाने हाका मारत राहिलो आणि दिवाणखान्यातला गलका थांबत गेला. विजया उठून माझ्याकडे यायला लागली. तेवढ्या शांततेत मला घरातला, आतल्या खोलीतला अबोलीचा आवाज आला. मोठ्या माणसांशी बोलताना ती काढते तो गोड, अदबीचा आवाज.

"आंटी, ज़रा इधर मुँह कीजिए ना."

७

गोमतीचा पूल कसा ओलांडला, मला सांगता येणार नाही. विजया मागे बसून एकसारखी विचारत होती आणि मी नुसता "चल, चल" म्हणत होतो. पिशवी उल्कावहिनींकडेच राहिली होती. भर दुपार होती, पण धुकं हललं नव्हतं.

दारावर मी दोन्ही हातांनी थापा मारल्या. आत चपलांचा आवाज आला. शांत, नेहमीच्या चालीने. मग आतून कडी निघाली.

दार अबोलीनेच उघडलं. तिचाच निळा स्वेटर, तिचीच वेणी. दार उघडून ती लगेच वळली असावी, कारण मला दिसली ती तिची पाठ. उजव्या हाताचं बोट तिने अंगापासून लांब धरलं होतं आणि त्याच्या टोकाला कुंकू होतं. ती काही बोलली नाही. आतल्या खोलीच्या दिशेने दोन पावलं गेली आणि चौकटीत उभी राहिली.

"अगं, फोनवर काय ते," विजयाचा श्वास लागला होता. "अबोली, इकडे बघ की."

मी विजयाचा हात घट्ट धरला. या पोरीने एकदा माझ्याकडे वळून हसावं म्हणून मी तिच्या पाळण्याशी तासन्‌तास बसलेला माणूस आहे. त्या दुपारी, त्या दारात उभा राहून मी मनापासून देवाला विनवत होतो, तिने वळू नये.